ओळंबामामा गाडीत बसतात

दुकानाच्या पाटीवर मामांचं खरं नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला टांगलेला लोखंडी ओळंबा वापरतात, तसला एक मामांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचा. त्या वजनानं खिसा लोंबायचा, मामी तो पुन्हा पुन्हा शिवायच्या आणि गिऱ्हाइकं त्यांना ओळंबामामा म्हणायची.

मामांचं काम जीप उंच करण्याचं. दगडधोंड्यांतून जाणाऱ्यांना गाडीचं पोट वर हवं असतं. आता उंच करणं काही अवघड नाही, लांब स्प्रिंगा घातल्या की झालं. खरी मेख पुढच्या चाकांत आहे. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो सरळ उभा नसतो, वरून जरासा मागे रेललेला असतो. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल हाणतात. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. गाडी चार इंच वर उचलली की पुढचा अॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, पुढे झुकतो, कल कमी होतो आणि मग स्टिअरिंग हातात राहत नाही. अॅक्सलला धरून ठेवणारे दांडे कमीजास्त लांब करून मामा तो कल परत आणायचे. पाच अंश. पावणेपाच त्यांना चालत नसे.

माप घ्यायचं ते दुकानाच्या मधोमध, चार चाकांसाठी रंगवलेल्या चार पिवळ्या चौकोनांवर. तीस वर्षांपूर्वी ती फरशी समतल करून घेताना मामांनी गवंड्याला तीनदा उकरायला लावलं होतं आणि चौथ्यांदा तो हात जोडून निघून गेला, तेव्हा उरलेलं स्वतः केलं होतं. पुढच्या भागावर उजेड यावा म्हणून गाडी मागे मागे आत घ्यायची, तोंड दाराकडे. शेवटचे बोल्ट आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. हे सगळं ठरलेलं.

आणखी एक ठरलेलं होतं. काम झाल्यावर मामा गाडी चालवून बघत नसत. "माप बरोबर आहे ना? मग गाडी सरळच जाणार," ते छाती ठोकून सांगायचे. "नाही गेली तर रस्ता वाकडा आहे असं समजा." लोक हसायचे. मामा मात्र हे गंभीरपणे म्हणत.

मामांची एकुलती एक लेक जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर जायला तिनं जुनी जीप घेतली आणि मामांनी दोन महिन्यांपूर्वी जीव ओतून ती उंच करून दिली. एका सकाळी ती दुकानात आली आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, पन्नासच्या पुढे गेले की गाडी माझं ऐकत नाही."

"टायरमध्ये हवा किती आहे?"

"बघितली. बरोबर आहे."

"मग स्टिअरिंग ढिलं धरत असशील. बैलाला इंजेक्शन देतेस तेव्हा असाच हात असतो का तुझा?"

"काल दुधाच्या टँकरला घासता घासता वाचले. तुम्ही एकदा माझ्याबरोबर बसा आणि बघा."

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बसायचं कशाला? त्यांनी जीप चौकोनांवर घेतली, ओळंबा सोडला, माप घेऊन खडूनं पाटीवर मांडलं. पाच. पुन्हा घेतलं. पाच. "हे बघ," म्हणत त्यांनी पाटी लेकीच्या नाकासमोर धरली.

लेकीनं पाटीकडे बघितलंही नाही. "तुमचं माप बरोबर असेल, बाबा. गाडी सरळ जात नाही. आज दुपारी घाटाखालच्या गोठ्यात जाऊन यायचंय, ते झालं की उद्या दुसरीकडे दाखवते." आणि ती गेली.

दुसरीकडे! तीस वर्षांत घरची गाडी दुसरीकडे गेली नव्हती. रागाच्या भरात एका बेअरिंगवर असा हातोडा मारला की त्यातल्या गोळ्या फरशीवर सांडल्या.

"शोधू नका," मामी सुट्या भागांच्या कपाटाजवळून म्हणाल्या. "मागच्या भिंतीपाशी बघा. हल्ली सगळं तिकडेच घरंगळत जातं."

मामा दोन पावलं गेले आणि थांबले. "हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झालं की वर्ष. मागची टाकी गळायला लागली तेव्हापासून. तुम्हाला दहादा सांगितलं, भिंतीखाली पाणी मुरतंय म्हणून."

मामांनी माळ्यावरून समतल बघायची जुनी पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं, एक टोक पुढच्या चौकोनांवर मामींच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः मागच्या चौकोनांवर धरलं. मागची बाजू अडीच बोटं खाली बसली होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात, ती मामांची खरोखरच सरकली होती, आणि वर्षभर त्यांना पत्ता नव्हता. मागून खाली बसलेल्या गाडीचा पुढचा कल जास्त दिसतो. पाटीवरचे पाच रस्त्यावर चारच भरत होते. दोघातिघांनी कुरकुर केली होती खरी. मामांनी त्यांनाही रस्ता वाकडा असल्याचं ऐकवलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या कामाची भीती वाटली. त्यांनी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"निघतेय. गाय अडलीय, बाबा, आता भांडायला वेळ नाही."

"भांडत नाही. गाडी सुरू करू नकोस. रिक्षानं जा. माझं माप चुकलंय."

हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी जीप सावकाश, वीसच्या वेगानं दुकानात आली. गाय आणि वासरू दोघंही ठीक होती. मामांनी मागच्या चाकांखाली फळ्या सरकवून गाडी नळीच्या पाण्याशी जुळवली आणि माप घेतलं. चार. खालचे दांडे लांब केले, पाच आणले, गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट आवळले. तोवर मामींनी वही काढून वर्षभरातल्या अकरा गाड्यांचे नंबर लिहून ठेवले होते. मामांनी एकेकाला फोन केला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, "चूक माझी आहे, रस्त्याची नाही. गाडी घेऊन या. तोवर हळू चालवा."

मग ते हात पुसत जीपपाशी गेले आणि दार उघडून लेकीच्या शेजारी बसले. पट्टा कसा लावतात ते तिनंच दाखवलं.

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर तिनं वेग साठपर्यंत नेला. एक गचका बसला, जीप वर उसळली आणि पुन्हा सरळ धावू लागली. तिनं स्टिअरिंगवरचे हात उचलले. मामांनी डॅशबोर्ड घट्ट धरला.

"जाते ना सरळ?" ती म्हणाली.

मामा समोर बघत होते. "सकाळी बसा म्हणालीस तेव्हाच बसायला हवं होतं मी," ते म्हणाले. "तुला काही झालं असतं तर मी ते पाच कुणाला दाखवले असते?"

लेकीनं हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले आणि वेग कमी केला.

"उद्यापासून त्या अकराही गाड्यांत बसावं लागेल तुम्हाला," ती म्हणाली.

"बसेन," मामा म्हणाले. "आता परत फिरव. तुझी आई वाट बघत असेल."