चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारं नाव

येणाऱ्या वादळाचं बारसं आपल्याच हातून व्हावं, असं मनापासून वाटणारा माणूस अख्ख्या ठाकुर्लीत एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. समुद्राकाठच्या देशांनी नावं द्यायची, ती क्रमाने वापरायची, एकदा वापरलेलं पुन्हा घ्यायचं नाही, आणि आपल्या देशाकडून जाणारी नावं साध्या माणसालाही सुचवता येतात, हे वाचल्यापासून भाऊजींना दुसरं काही सुचत नाही. आपलं एक तरी नाव निवडलं जावं, एवढीच त्यांची निवृत्तीनंतरची महत्त्वाकांक्षा.

मी दर मे महिन्यात घोडबंदर रोडवरून त्यांच्याकडे जाते ती वादळाची तयारी तपासायला. टॉर्च, औषधं, पिण्याचं पाणी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं, एवढं घरात असलं की माणूस निर्धास्त, असं माझं मत. गेल्या वर्षी भाऊजींनी भरलेली संकटकाळची पिशवी उघडली, तर आत चिवडा, पत्त्यांचा कॅट आणि इस्त्रीचा सदरा. "सदरा कशाला?" "अगं, सुटका करायला माणसं येणार, त्यांच्यासमोर गंजीफ्रॉकवर जायचं?" टॉर्चचा पत्ता नव्हता. गॅलरीतल्या कुंड्या मात्र ताईच्या परकरांच्या नाड्यांनी ग्रिलला अशा आवळलेल्या, की त्या सोडवायला वादळच यायला हवं होतं.

नाव छोटं हवं, कोणाचं मन दुखावणारं नको, हे झाले सरकारी नियम. भाऊजींचा नियम वेगळा. वारा सुटलेला असताना खालून हाक मारली, तर नाव चौथ्या मजल्यावर जसंच्या तसं पोचलं पाहिजे. ते खाली रस्त्यावर, आणि वर त्यांच्या गॅलरीत कान देऊन मी उभी. 'मेघमल्हार'मधला फक्त 'हार' वर आला. 'झंझा' तर वाटेतच विरलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी डोकावून विचारलं, "काका, बटाटे कसे दिले?"

यंदाही अशीच दोन-तीन नावं बाद झाल्यावर त्यांनी हाक मारली, "सईऽऽ!" नाव स्वच्छ वर आलं. मी अंगठा दाखवणार, तोच ताई उलथनं हातात घेऊन गॅलरीत आली. लग्नानंतर त्या दोघांनी हे नाव मुलीसाठी राखून ठेवलं होतं. मूल झालंच नाही.

भाऊजी धापा टाकत वर आले. "पोचलं ना गं?"

"ते पाठवायचं नाही," ताई म्हणाली.

"अगं, कधीतरी कोणीतरी घेईल ते नाव. बातम्यांत, चार देशांत..."

"आणि कोळीवाड्यात कोणाची होडी फुटली, की त्याच नावानं बोटं मोडतील. चालेल तुम्हाला?"

भाऊजी स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग माझंच पाठवतो. शिव्या खायची मला सवय आहे."

"तेही नको. तुमच्या नावानं ओरडायला मी एकटी पुरे."

यंदा त्या घरातून एकही नाव गेलं नाही. पुढे समुद्रात एक वादळ उठलं, दुसऱ्याच कुठल्या देशाने दिलेलं नाव घेऊन परस्पर निघून गेलं. आमच्याकडे नुसता वारा. टॉर्च जागेवर आहे ना, हे विचारायला मी फोन केला.

"आहे," ताई म्हणाली. "हे खाली जाऊन उभे राहिलेत."

"आता कुठलं नाव?"

"ओरडत नाहीयेत गं. नुसते उभे आहेत," ती म्हणाली. "असू दे त्यांना थोडा वेळ."