खिशावरचं कोकरू

"हे घालून त्याला पाहुण्यांत न्यायचं? बिलकुल नाही!"

"कामून? फाटकं हाय का, कडे?"

"हळू बोल, दादा! इथं मला कल्पना म्हणतात."

कडूबाईनं खोलीचं दार लोटून घेतलं. तिच्या लेकाचं, मच्छिंद्रचं, जावळ नुकतंच मामाच्या, म्हणजे धुळाजीच्या, मांडीवर निघालं होतं. न्हाऊन आलेलं पोर उघडंच खाटेवर रांगत होतं. आता मामानं आणलेले कपडे चढवायचे अन् चार जणांत मिरवायचं, एवढीच रीत राहिली होती.

धुळाजी मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून पहाटेच जाफराबादहून जीपनं आला होता. त्यानं आणलेला डाळिंबी सदरा खाटेवर पसरला होता. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं कोकरू काढलेलं.

"बाबासूट बी पाह्यले बाजारात," तो म्हणाला. "शिवण ओढली की टराटरा उसवती. काखंत टोचतंय. म्हून सुती कापड घेतलं, थुंकी लावून रंग पाह्यला, वाढत्या अंगाचं शिवून घेतलं. दोन वर्षं हलत न्हाई. अन् असं कोकरू कोण्या दुकानात घावतंय का, सांग!"

"मोटार काढायची, फूल काढायचं. खिशावर मेंढरंच कशाला?"

"आपली हायत म्हून."

कडूबाई भोकरदनला नांदायला आली तेव्हा सासूनं तिचं नाव बदललं. बाकीचं तिनं आपणहून बदललं. बोली सोडली, घोंगडीवर बसणं सोडलं. माहेरचा विषय निघाला की ती चहा टाकायला उठायची. सासरचेही मूळचे मेंढरंवालेच. पण दुकान टाकल्यापासून ते कुणी बोलत नसे.

तिनं कपाटातून खोका काढला. आत चकचकीत निळा बाबासूट, वर इवलासा टाय.

"हा घालू. जालन्याहून आणलाय. तू आणला म्हण."

"अन् शिवण?"

"लोक शिवण ओढून पाहतेत का, दादा? लोक लांबून पाहतेत."

घाईत तिच्या तोंडून माहेरचंच बोलणं निघालं. धुळाजी हसला नाही. तिनं सदरा चुरगाळून उशीखाली खुपसला. कोकराचं तोंड तेवढं बाहेर राहिलं. तेही तिनं बोटानं आत ढकललं.

निळा सूट चढवलेलं पोर घेऊन बहीण-भाऊ ओसरीत येताच थोरली जाऊ, द्वारकाबाई, टाळी वाजवून ओरडली, "अगं बया! अस्साच आमच्या वसंताला घेतलाय की!" खरंच, वसंता तोच निळा सूट, तोच टाय घालून खांबाशी उभा. बायका खिदळल्या. "मामा तर मोठे शौकीन निघाले! कोण्या दुकानातून घेतला हो?"

मच्छिंद्र गळपट्टी ओढत रडायला लागला अन् दोन्ही हात मामाकडे केले.

"जालन्याहून," कडूबाईच बोलली. "मुद्दाम गेला होता दादा."

"तू थांब गं कल्पना, मामाला बोलू दे. मामा, तुम्हीच आणला ना?"

सगळ्यांच्या नजरा धुळाजीवर. त्याची नजर बहिणीवर. तिला वाटलं, आता हा सगळं सांगणार. मग वाटलं, सांगूनच टाकावं यानं. पण मान काही वर होईना. ती लेकाचा टाय उगाच सरळ करत राहिली.

धुळाजीनं पोराच्या गळ्याशी आवळलेलं बटण काढलं. तासलेल्या डोक्यावरून तळवा फिरवला. खुंटीवरची आपली घोंगडी खांद्यावर टाकली.

"दादा, पानं वाढलीत. जेवून तरी जा…"

त्यानं वहाणा पायात सरकवल्या अन् तो रस्त्याला लागला.