नावाड्याचा आवाज

चंद्रपूरच्या जटपुरा गेटसमोर आमची मंडळी ओळीने उभी होती. मी लॅमिनेट केलेला फोटो डोक्याच्या वर धरून सगळ्यांना थोडं डावीकडे सरकायला सांगत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मी तो वाजू दिला. कमान जुळत आली होती.

आमच्या कामात याला मॅचिंग म्हणतात. मालिकेतल्या दृश्याचा छापील फोटो घ्यायचा, कॅमेरा जिथे होता त्याच जागी लोकांना उभं करायचं आणि फोटोतली कमान समोरच्या कमानीवर बसवून दाखवायची. मालिकेत राणीचा हत्ती याच वेशीतून शहरात येतो. ते चित्रीकरण पहाटे झालं होतं. विजेच्या तारा आणि दुकानांच्या पाट्या नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकल्या. म्हणून फोटोत नुसता किल्ला आणि हत्ती, आणि समोर ऑटो, बस आणि पोह्याची गाडी. दोन्ही एका रेषेत आले की लोक "अरे हो!" म्हणतात. तो "अरे हो" ऐकायलाच लोक आमच्याकडे येतात.

ही राणीची मालिका दोन वर्षं चालली. तिचं बरंच चित्रीकरण आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात झालं. मालिका संपली तरी तिचे चाहते संपले नाहीत. तेव्हा नागपूरच्या आमच्या टूर कंपनीने एका दिवसाची सहल काढायचं ठरवलं. सकाळी चंद्रपूरचा परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, मग मूल गावाच्या अलीकडे जंगलातलं लढाईचं लोकेशन, आणि शेवटी आरमोरीजवळच्या एका गावातला तलाव. तिथे दुपारचं जेवण. मी बी.ए. इतिहास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. डिग्री हातात घेऊन वर्षभर घरी बसलो होतो तेव्हा कंपनीच्या सरांनी मला गाईड म्हणून घेतलं. त्यांचे उपकार मी मानतो. त्या रविवारी या टूरची पहिली गाडी होती आणि ती माझ्यावर सोपवली होती.

फोन परत वाजला. सुनंदाबाईंचा होता. तलावाच्या गावातला महिला बचत गट त्या चालवतात. आमचं जेवण त्यांच्याकडेच ठरलं होतं.

"भाऊ, बुधाभाऊ गेले."

मला आधी समजलंच नाही. "कुठी गेले?"

"गेले म्हंतो ना जी. पहाटे. चहा मागतला, मी पितो म्हनले, अन् बसल्या जागी मान टाकली."

बुधाभाऊ म्हणजे त्या गावचे म्हातारे ढीवर. तलावात जाळं टाकायचं आणि डोंग्यातून, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीतून, फिरायचं हे त्यांचं आयुष्य. मालिकेत राणीला शत्रूच्या वेढ्यातून पलीकडे नेणारा नावाडी त्यांनीच केला होता. दिग्दर्शकाला डोंगा चालवणारा नट मिळेना, म्हणून डोंगा चालवणाऱ्यालाच नट केलं. त्यांना एकच वाक्य होतं: "राणीसाहेब, पाणी वाट विसरत नाही. मी तर पाण्याचाच माणूस." पुढच्या प्रसंगात नावाडी बाण लागून मरतो. पण ते वाक्य इतकं गाजलं की लोकांनी ते बनियनवर छापून घेतलं. आमच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नावाड्याची प्रत्यक्ष भेट.

"जेवन नाई होनार भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "मयत उचलेपर्यंत गावात चूल पेटत नाई."

"जेवणाचं सोडा बाई. आम्ही येतच नाही आज."

"नाई नाई, या! त्याच्यासाठीच त फोन केला. आमची शारदा तिकडंच अडकली ना."

शारदा म्हणजे बुधाभाऊंची एकुलती एक मुलगी. तिला बल्लारपूरला दिली आहे. नवरा ड्युटीवर होता. ती एकटीच निघून चंद्रपूरच्या बसस्टँडवर येऊन बसली होती. सकाळची गडचिरोलीची गाडी आलीच नव्हती आणि पुढची कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. इकडे ऑक्टोबरचं ऊन चढत होतं. गावातले जाणते म्हणत होते की दुपार टळायच्या आत माती द्यावी लागेल, मग पोरगी येवो की न येवो.

"तुमची गाडी इकडंच येऊन राह्यली ना? तिले घेऊन या. बापाचं तोंड त पाहू द्या तिले."

मी सरांना फोन लावला.

सर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वाईट झालं. पण गाडीत बाहेरचं माणूस नाही. पॅसेंजर लिस्टमध्ये नाव नसलं तर इन्शुरन्स नाही, आणि रस्त्यात कुणी तपासलं तर परमिटची भानगड. तिला टॅक्सी करून दे."

"सर, दोघांना विचारलं. आज रविवार. आधीच्या बुकिंग आहेत, कोणी तयार नाही."

"मग माझा इलाज नाही. आणि हे बघ, क्लायंटना काही सांगू नकोस. नावाडी बाहेरगावी गेला म्हण. लढाईचं लोकेशन व्यवस्थित दाखव, जेवण आरमोरीत हॉटेलात. पहिली ट्रिप आहे."

सर चुकीचं बोलत नव्हते. नियम तोच आहे आणि नियमामागे कारण आहे. मी "हो सर" म्हणून फोन ठेवला. मग गाडीपाशी आलो, आणि ड्रायव्हर गजूभाऊंनी माझा चेहरा पाहून विचारलं, "काऊन, काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बसस्टँड रस्त्यातच आहे." एवढंच बोलून त्यांनी टायर तपासायला सुरुवात केली.

मी मंडळींना गोळा केलं. वैद्यकाकू त्यांच्या पुढारी. नागपूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप त्यांनीच चालवलेला. पुण्याहून आलेले पाठक काका अंगरखा आणि पगडी घालून आले होते. मी म्हणालो, "एक वाईट बातमी आहे. बुधाजी नावाडी गेले."

मग पाठक काका मोठ्याने हसले. "अहो, ते आम्हाला ठाऊक आहे! बाण लागला ना, डाव्या खांद्याखाली. आम्ही तीनदा पाहिलंय!"

सगळे हसले. एक-दोघींनी टाळ्याही वाजवल्या. त्यांना वाटलं, टूरचाच काही खेळ सुरू झाला. मी तसाच उभा राहिलो. आधी वैद्यकाकू हसायच्या थांबल्या.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

"खरंच. आज पहाटे."

मग मी बाकीचं सगळं सांगितलं. सरांनी नाही म्हटलं आहे हेही सांगितलं. शारदेला वेळेत पोचवायचं तर लढाईचं लोकेशन सोडावं लागेल, चहालाही थांबता येणार नाही, आणि तलावावर आज फोटो, मॅचिंग, जेवण यातलं काहीच होणार नाही, हेही सांगितलं.

जाधव नावाचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "मला दुःख आहे हो. पण मी फक्त लढाईसाठी नाशिकहून आलोय. रात्रभर प्रवास करून."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वैद्यकाकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "जाधव, ते जंगल कुठे पळून जातंय? आणि इतकी वर्षं ज्या माणसाचं वाक्य आपण म्हणत आलो, त्याच्या मुलीला बसस्टँडवर सोडून पुढे जायचं? चला, गाडीत बसा." त्या शाळेत मुलांना असंच बसवत असाव्यात. सगळे बसले. जाधवही बसले, पण तोंड खिडकीकडे करून.

शारदा स्टँडच्या बाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. गाडी भरलेली होती. मी तिला माझी सीट दिली, ड्रायव्हरच्या शेजारची, आणि स्वतः दारातल्या पायरीवर बसलो. गाडी मूल रोडला लागली.

आमच्या गाडीत पुढे एक स्क्रीन आहे. पुढच्या लोकेशनचं दृश्य लोकांना आधीच पाहायला मिळावं म्हणून पेन ड्राइव्हमध्ये क्लिपा एकापुढे एक लावलेल्या असतात. गेटपाशी स्क्रीन थांबवली होती. गजूभाऊंनी एसी वाढवायला हात घातला आणि चुकून बटण दाबलं गेलं. लढाई सुरू झाली. घोडे, तलवारी. मी पायरीवरून उठेपर्यंत ती संपली, आणि तलाव आला. धुकं, डोंगा, राणी, आणि वल्हं धरलेले बुधाभाऊ.

मी स्क्रीनकडे हात नेला.

"राहू द्या भाऊ," शारदा म्हणाली.

बुधाभाऊंनी मान वर केली. "राणीसाहेब," भारदस्त, खोल आवाज गाडीभर घुमला, "पाणी वाट विसरत नाही. मी तर पाण्याचाच माणूस."

गाडीत दोन-तीन जणांनी सवयीने ते वाक्य पुटपुटलं आणि मग ओशाळून गप्प झाले. मी स्क्रीन बंद केली.

शारदा म्हणाली, "चेहरा त्यायचाच आहे. आवाज दुसऱ्याचा आहे."

मागून वैद्यकाकू पुढे वाकल्या. "म्हणजे?"

हे मला माहीत होतं, पण मी टूरमध्ये कधी सांगणार नव्हतो. चित्रीकरण चालू असताना जनरेटरचा, वाऱ्याचा, माणसांचा आवाज येतो. म्हणून बरेचदा संवाद नंतर मुंबईला बंद खोलीत पुन्हा बोलून भरतात. त्याला डबिंग म्हणतात. बुधाभाऊंच्या बोलीत 'विसरत' नव्हतं आणि 'माणूस'मधला ण पण नव्हता. वाहिनीला ते चालणारं नव्हतं. मुंबईच्या एका कलाकाराने ते वाक्य म्हटलं आणि बुधाभाऊंचे ओठ त्यावर बसवले.

"मग त्यांनी कसं म्हटलं होतं?" काकूंनी विचारलं.

शारदा म्हणाली, "रानीबाई, पानी वाट भुलत नाई. मी त पान्याचाच मानूस आहो." तिने आवाज चढवला नाही, नाटकही केलं नाही. "घरी जाळं शिवताना म्हनत जाय. आई म्हने, तुमची रानीबाई त चुलीपाशी बसली आहे, तिले आधी मासोया आनून द्या."

कोणीतरी हलकेच हसलं. शारदाही हसली आणि मग पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. तेव्हाच पहिल्यांदा रडली. वैद्यकाकूंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावली गाव मागे जाईपर्यंत तो काढला नाही.

नंतर ती आपणच बोलत राहिली. मरणाच्या प्रसंगाला बाबाला दिवसभर डोंग्यात आडवं पडायला लावलं होतं. वारा चांगला होता, झोप लागली. "कट म्हनले तरी उठे ना. डायरेक्टर म्हने, काय नॅचरल करून राह्यला! अन् बाबा घोरून राह्यला." आता मागचे सगळे मोकळेपणाने हसले, आणि जाधवांनी खिडकीकडचं तोंड वळवून विचारलं, "मग तोच शॉट ठेवला का?"

"घोरन्याचा आवाज काढला म्हने."

गडचिरोलीच्या पुढे सुनंदाबाईंचे फोन यायला लागले. कुठी आहा? लोक उठून राह्यले. मी दर वेळी "आलोच" म्हणायचो. गजूभाऊंनी एरवी कधी चालवत नाहीत तशी गाडी चालवली.

गाव तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी अंगणात तयार होती आणि माणसं उभी होती. शारदा गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. बायकांनी तिला धरून आत नेलं. तिने बापाच्या तोंडावरचं कापड स्वतःच्या हाताने बाजूला केलं, असं मला सुनंदाबाईंनी नंतर सांगितलं. आम्हाला बाहेर फक्त तिचा "बाबा" ऐकू आला.

मी मंडळींना चिंचेखाली उभं केलं. फोन खिशात ठेवा, एवढंच सांगितलं. प्रेतयात्रा पाळीवरून निघाली. मालिकेतल्या तलावापेक्षा हा तलाव लहान दिसतो आणि त्या दिवशी तो शिंगाड्याच्या वेलांनी भरलेला होता, धुकं-बिकं काही नव्हतं. पाठक काकांनी पगडी काढून काखेत धरली. यात्रा पुढे गेल्यावर गावातला एक म्हातारा त्यांच्यापाशी थांबला, अंगरख्याकडे वरखाली पाहून म्हणाला, "तुमी शूटिंगचे का? आज नाई आहे शूटिंग." काका म्हणाले, "नाही भाऊ, आम्ही मातीला आलोय." म्हाताऱ्याने मान हलवली आणि त्यांना सोबत घेऊन गेला. मागून जाधव गेले. मीही गेलो. तिथल्या रीतीप्रमाणे आम्हीही खड्ड्यात मूठ मूठ माती टाकली आणि परत येताना तलावावर हातपाय धुतले.

सुनंदाबाई म्हणाल्या, "उपाशी चालले भाऊ. मले बरं नाई वाटत." आम्ही आरमोरीला उशिरा जेवलो. हॉटेलातली वांग्याची भाजी तिखट होती.

संध्याकाळी सरांना मी सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ बोलले. लिस्टबाहेरचं माणूस, बुडालेलं लोकेशन, त्यांच्यापासून दिवसभर लपवलेली गोष्ट. शेवटी म्हणाले, फीडबॅक येऊ दे, मग बघू. मी दोन दिवस नोकरी गेली असंच धरून चाललो. फीडबॅक आला. लढाईचं लोकेशन न दाखवल्याबद्दल एका बाईंनी कमी मार्क दिले. जाधवांनी पुढच्या महिन्याची सीट मागितली. सरांनी टूर चालू ठेवली आणि मलाही ठेवलं. पण ऑफिसमध्ये कागद लावला: लिस्टबाहेरचा पॅसेंजर चढवल्यास गाईड जबाबदार.

बुधाभाऊंचे दिवस झाल्यावर बचत गटाने पुन्हा जेवण सुरू केलं. टूर दर रविवारी जाते. तलावावर क्लिप लावतो तेव्हा डबिंग म्हणजे काय ते मी आता सांगतो. लोक थोडे हिरमुसतात, पण ऐकतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एकच सांगेन. गाडी कितीही भरत असली तरी एक सीट विकू नये. ऑफिसने विचारलं तर सामान ठेवायला लागते म्हणावं. आणि पॅसेंजर लिस्टची शेवटची ओळ कोरी सोडावी.