मायलोच्या रेडिओवरची सूचना

मायलो व्होपाट मार्चमध्ये गेला, आणि जूनच्या पहिल्या शनिवारी त्याची बायको आर्लिस त्याची मोटरसायकल घेऊन मित्रमंडळींबरोबर निघाली. नेब्रास्कातल्या विल्बर गावात एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. गाडीची भीती नव्हती. खरं तर मार्चपासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक भेटायला येत, रडत, आणि ती त्यांच्या बुटांकडे बघत बसे.

तीनच गाड्या. पुढे मायलोचा मित्र गेलन, मध्ये त्याची बायको रोलीन, शेवटी आर्लिस. तिघांकडे एकमेकांशी बोलायचा सीबी रेडिओ होता, पण हवामानाचं चॅनेल लागायचं ते मायलोच्या गाडीवरच. तो ऐकायचा आणि पुढच्यांना सांगायचा.

दुपारी मक्याच्या शेतांमधून जाताना हेल्मेटमध्ये हवामानाच्या चॅनेलवरचा यंत्राचा सपाट आवाज आला. पश्चिमेकडून वादळ, अंड्याएवढ्या गारा. हाच रस्ता. आर्लिसने ऐकलं. आभाळ हिरवट काळं झालेलंही पाहिलं. बोलायचं बटण अंगठ्यापाशीच होतं, पण अंगठा हलला नाही. मरावंसं वाटत होतं असंही नाही. सूचना दुसऱ्याच कुणाच्या गावची असावी तशी ती ऐकत राहिली.

मग रोलीनचा आवाज आला. "गेलन, थांब रे कुठेतरी! मला बाथरूमला जायचंय."

"अगं, आत्ताच तर थांबलो होतो."

"आत्ता? तेव्हा मी तरुण होते!"

आर्लिसने बटण दाबलं. "गारा येतायत. समोरच्या धान्याच्या कोठाराकडे वळा. लगेच."

छप्पर शंभर पावलांवर असताना पहिल्या गारा पडल्या. एक रोलीनच्या डाव्या मनगटावर बसली. आत पोचताच आर्लिसने गारा वेचून रुमालात बांधल्या आणि सुजेवर धरल्या. वर पत्रा नुसता तडतडत होता.

"मी दहा मिनिटं आधीच ऐकलं होतं," ती म्हणाली. "बोलले नाही."

गेलन वळला. "का?"

"माहीत नाही."

रोलीन तिच्याकडे बघत राहिली. "मला राग आलाय तुझा."

"येऊ दे."

"तुला तरी काही वाटतंय का?"

"नाही."

"बरं. मग नीट धर. पाणी बाहीत जातंय माझ्या."

क्लच दाबवेना म्हणून रोलीनची गाडी तिथेच ठेवली. गेलनच्या गाडीची मागची सीट सामानाने भरलेली, म्हणून ती आर्लिसच्या मागे बसली. दवाखान्यात हाडाला चीर निघाली.

पुढचे सहा आठवडे आर्लिस रोज सकाळी जाऊन रोलीनची वेणी घालून देई. रोलीनचा राग गेला नव्हता. केस ओढले गेले की शिव्या घाली. आर्लिसला वाटत काहीच नव्हतं. ती गाठ सोडवून पुन्हा विंचरू लागे.