गळ्याशी आलेले हात

आमच्या कोळीवाड्यातल्या अंगणवाडीच्या बाई नवा शब्द कधी नुसता सांगत नाहीत. आधी हातांनी करून दाखवतात आणि मग पोरांना विचारतात, "मंग काय करायचा?" पोरं काहीबाही बोलतात, बाई मान हलवत ऐकतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही.

'भरती' शिकवताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांपासून सावकाश वर आणले आणि गळ्याशी थांबवले. "मंग काय करायचा?"

"पलायचा!" पोरं उंचावरच्या देवळाकडे धावली.

तेव्हापासून माझी लेक झोपेतही हात गळ्याशी नेऊन दचकायची. मी म्हटलं, "बाई, पोर घाबरते. दुसरा कायतरी शिकवा."

"घाबरू दे गो," त्या म्हणाल्या. "इसरली नाय म्हंजे झाला."

परवा ओहोटीला मी खडकावर कालवं फोडत होते. त्या कामात मान वर होत नाही. सहज पाहिलं, तर किनाऱ्यावर बाई पोरांना घेऊन उभ्या. कधी न ओरडणाऱ्या त्या ओरडत होत्या आणि वाऱ्यात मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी हात गुडघ्यांना लावले. पोरांनीही लावले. सगळे हात वर चढू लागले, तेव्हा मला दिसलं, की माझ्या आणि किनाऱ्याच्या मधला, येताना कोरडा असलेला चर पाण्यानं भरलाय.

हात गळ्याशी पोचले, तशी पोरं देवळाकडे पळाली.

माझी लेक पळाली नाही. हात गळ्याशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.