उंदरांचा एसी

अकोल्यात मे महिना तापला की आमच्या कॉलेजात एसी फक्त प्रयोगाच्या उंदरांच्या खोलीत चालतो. त्यांच्या मेंदूकडे रक्त किती जातं ते मोजायचं, तर उंदरांना गरमी होऊन कसं चालेल? त्यांची सरबराई शिपाई पुंजाजी करतात आणि मग बाहेर तापलेल्या व्हरांड्यात बसतात. परवा ते तिथंच चक्कर येऊन पडले. आम्ही त्यांना आत नेऊ लागलो, तर संशोधन करणाऱ्या माधवी मॅडम दारात आडव्या आल्या.

"उंदीर बिचकतील, आकडे बिघडतील!"

आम्ही बाहेरच पेपरानं वारा घातला. पुंजाजींनी डोळे उघडले.

"मेंदूला रक्त कमी पडलं, बाकी काही नाही," मॅडमनी दारातूनच सांगितलं.

पुंजाजी म्हणाले, "मंग एसी उंदराईलेच काहून?"

"त्यांच्यासाठी नियम आहे, पुंजाजी."