निकम की निकामी?

एका कारखान्यात दोन युनियन आणि कँटीन मात्र एकच असलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. चहा गार व्हायच्या आत एखादा तयार होतो!

अंबडच्या आमच्या कारखान्यात विजेचे स्विच जोडणारी बायकांची स्विच-लाइन आहे. तिथल्या सुनीताताई निकम आमच्या पुढारी, माहेर मालेगावकडचं. समोरच्या युनियनचे पुढारी भास्कर आहेर. कँटीनच्या दाराशी दोघांचे दोन फळे. एका सकाळी त्यांच्या फळ्यावर झळकलं, 'सौ. निकामी यांचा निषेध!' आम्ही भांडायला गेलो तर म्हणे, "खडू घसरला!"

दुसऱ्या दिवशी आमचाही घसरला. 'भास्कर बाहेर!' तेव्हापासून कुणी कुणाचं नाव धड लिहिलं नाही.

*

तपासणीला नवीन डॉक्टर आले. येताना फळा वाचलेला. अगदी आदराने म्हणाले, "मिसेस निकामी, बीपी वाढलंय."

ताई माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "बाकी सगळं चालू शे डॉक्टर, नुसतं नावच निकामी!"

*

आहेरांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका त्यांच्या फळ्यावर लागली. तळाशी छापलेलं, 'कृपया आहेर आणू नये.'

ताईंनी खडू मागितला आणि खाली लिहिलं, 'मग कन्यादान कोण करणार?'

आहेर वाचून खुदकन हसले. मग इकडेतिकडे बघून पुसून टाकलं.

*

इंदिरानगरचा मुकुंद माझा शेजारी. आम्ही एकाच गाडीवर कामाला येतो, पण तो त्यांच्यातला. एकदा घाईत त्याने त्यांच्या ग्रुपवर चक्क 'निकम' टाइप केलं. झालं! जो तो त्याला बाजूला घेऊन विचारतोय, "फुटलास का रे?"

शेवटी त्याने मेसेज टाकला, 'मघाशी नाव चुकून बरोबर पडले. क्षमस्व!'

*

गेल्या वर्षी कंपनीने स्विच-लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. चाळीसेक बायका घरी बसणार होत्या. त्या वेळी पहिल्यांदाच दोन्ही युनियन एका गेटवर, एका सतरंजीवर बसल्या. ताई आणि आहेर शेजारी शेजारी. एकमेकांशी बोलत नव्हते, पण उठलेही नाहीत. शेवटी कंपनी नमली. लाइन इथेच राहणार! बायकांनी गेटवरच फुगड्या घातल्या.

सह्यांसाठी सगळे आत जमलो. एचआरचे साहेब करार वाचू लागले, "एका बाजूने श्री. आहेर आणि श्रीमती निकामी..."

आहेर ताडकन उठले. "साहेब, निकम! नाव नीट लिहा, नाहीतर सही नाही."

साहेब गोंधळले. "अहो, पण तुमच्याच फळ्यावर तर..."

"तिला निकामी म्हणायचं ते आम्ही म्हणू! तुमचा काय संबंध?"